शाळांमधली जंत-पाहणी: खर्च कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

पोटातले जंत हा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांपैकी सर्वांत पसरलेला आजार. दर वर्षी शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलच्या गोळ्या वाटल्या जातात. त्या गोळ्यांनी जंत कमी झाले की नाही, हे मात्र विष्ठा तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणी म्हटली की पैशांचा प्रश्न येतो. ज्याला अशी पाहणी थोड्या पैशांत आणि तरीही विश्वासाने मांडता येईल अशी करायची आहे, त्याच्यासाठी हे टिपण. इंदूरचे मराठी वैद्यकीय विद्यार्थी, लॅब टेक्निशियन आणि सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. उदाहरणे म्हणूनच इंदूर जिल्ह्याची आहेत. रुपयांचे आणि पटसंख्येचे आकडे मात्र हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. ते काढून तुमच्या वर्षीचे आकडे घाला.

काटकसर म्हटली की बहुतेक जण आधी शाळांची संख्या कमी करतात. "दहाच शाळा घेऊ, पण प्रत्येकीत शंभर मुलं तपासू." इथेच पाहणी फसते. एका शाळेतली मुले एकाच वस्तीत राहतात, एकाच मातीत खेळतात, एकाच प्रकारच्या शौचालयांत किंवा एकाच मोकळ्या रानात जातात. त्यांचे निकाल एकमेकांसारखे येतात. शाळेतली पहिली तीस मुले जे सांगून जातात, त्यात पुढची सत्तर फारशी भर घालत नाहीत. या सारखेपणाचे माप ० ते १ च्या दरम्यान मांडतात. जंतांसाठी ते ०.०५ धरू. शाळेमागे मुलांची संख्या म असेल, तर नमुना १ + (म − १) × ०.०५ इतक्या पटीने 'पातळ' होतो.

एका शाळेपर्यंत पोहोचण्याचा खर्च, म्हणजे गाडी, डिझेल आणि माणसांचा दिवस, ४,००० रुपये धरू. एका मुलाच्या तपासणीचा खर्च ८० रुपये. २० शाळांत प्रत्येकी ३१ मुले घेतली तर ६२० मुले होतात आणि खर्च १,२९,६०० रुपये येतो. पातळपणा २.५ पट, म्हणून ही ६२० मुले खऱ्या अर्थाने २४८ मुलांइतकी माहिती देतात. जंतांचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तरातली चूक ५ टक्क्यांच्या आत राहते. आता तेच पैसे १० शाळांत ओता. ४०,००० शाळांवर गेले, उरलेल्या रकमेत १,१२० मुले, म्हणजे शाळेमागे ११२. पातळपणा ६.५५ पट. हाती उरली १७१ मुलांची माहिती आणि ६ टक्क्यांची चूक. जवळजवळ दुप्पट मुलांची विष्ठा तपासूनही उत्तर आधीपेक्षा अंधुक.

शाळेमागे किती मुले घ्यावीत याचे सूत्र सोपे आहे. शाळेचा खर्च भागिले मुलाचा खर्च, इथे ५०. त्याला (१ − ०.०५) भागिले ०.०५ ने, म्हणजे १९ ने गुणा. ९५० आले. त्याचे वर्गमूळ ३१. सारखेपणा ०.१ निघाला तर हाच आकडा २१ वर येतो. पन्नासच्या वर जाण्याची गरज क्वचितच पडते.

शाळांची निवड

जिल्हा एकसारखा नसतो. देपालपूर-सांवेरकडची काळी, चिकट, उन्हात भेगाळणारी माती वेगळी आणि महूच्या पुढे मानपूर-चोरलकडे विंध्याचा घाट उतरू लागतो तिथली रानातली सावलीची जमीन वेगळी. पाहणीत मोजायचे जंत तीन: अंकुशकृमी (हुकवर्म), गोलकृमी (राउंडवर्म) आणि चाबूककृमी (व्हिपवर्म). अंकुशकृमीच्या अळीला सैल, ओलसर, सावलीतली माती लागते आणि ती अनवाणी पायातून शिरते. गोलकृमी आणि चाबूककृमी अंड्यांच्या रूपाने तोंडावाटे जातात, त्यामुळे दाट वस्तीत, शहराच्या झोपडपट्टीतही ते फोफावतात. पठार, घाट आणि शहर अशा तिन्ही भागांना मिळून एकच सरासरी काढली तर ती कुठल्याच भागाला लागू पडत नाही. पैसे एकाच पाहणीपुरते असतील तर एकच भाग निवडा आणि निष्कर्षही त्या भागापुरताच मांडा.

त्या भागातल्या सगळ्या शाळांची यादी शिक्षण विभागाकडून यू-डायस क्रमांकासह (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकासह) घ्या. खासगी शाळा वगळू नका. प्रत्येकीसमोर तिसरी ते पाचवीची पटसंख्या लिहा आणि शेजारी बेरीज चढवत न्या. समजा शेवटची बेरीज १८,६०० आली आणि शाळा २० हव्यात, तर अंतर ९३०. १ ते ९३० मध्ये एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ४१२. मग ४१२, १,३४२, २,२७२ असे पुढे जात तो आकडा ज्या शाळेच्या बेरजेत पडेल ती शाळा घ्या. मोठ्या शाळांना त्यांच्या पटाइतकी संधी मिळते आणि प्रत्येक शाळेतून सारखीच मुले घेतली की शेवटी वेगळे वजन द्यावे लागत नाही.

ग्रामीण भागात एक अडचण हमखास येते. कित्येक प्राथमिक शाळांत तिसरी ते पाचवी मिळून पंधरा-वीसच मुले असतात. अशा शेजारच्या दोन-तीन शाळा चिठ्ठी काढण्यापूर्वीच एकत्र बांधून त्यांना एक घटक माना. चिठ्ठी निघाल्यावर जोडाजोड केली तर संधीचा हिशेब बिघडतो.

निवडलेली शाळा लांब आहे, रस्ता खराब आहे म्हणून बदलू नये. घाटातल्या शाळा अशाच गळतात आणि जंत बहुधा तिथेच जास्त असतात. शाळा बंदच पडली असेल तर पर्याय लागतो. त्यासाठी चार शाळांची राखीव यादी पहिल्याच दिवशी चिठ्ठीने काढून, क्रम ठरवून ठेवा.

कधी जावे

राष्ट्रीय कृमिमुक्ती दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असतो. त्या वर्षीची राज्याची तारीख आधी विचारून घ्या. गोळ्या दिल्यानंतर महिनाभरात पाहणी केली तर जंत गेलेलेच दिसतील आणि खोटा आनंद होईल. खरे चित्र पुढच्या फेरीच्या अगदी आधी दिसते, म्हणून जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. हवा थंड असल्याने नमुने टिकतात आणि घाटातले रस्तेही कोरडे असतात. मात्र याच दिवसांत मजुरीसाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांची मुले शाळेत नसतात. पटावरची आणि हजर असलेली मुले दोन वेगळ्या रकान्यांत लिहा आणि अहवालात ते अंतर दाखवा, कारण गैरहजर मुलांमध्ये जंत जास्त असण्याचा संभव असतो.

परवानगीसाठी जिल्हा शिक्षण अधिकारी आणि मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकारी या दोघांची पत्रे लागतात. निकाल कुठे छापायचे असतील तर नैतिक समितीची मंजुरीही हवी. पालकांचे संमतीपत्र हिंदीत असावे, पण ते वाचून दाखवणारा माणूस मालवी किंवा भिलीत बोलणारा हवा. आपण 'कृमी' म्हणतो, गावात 'पेट के कीड़े' म्हटल्याशिवाय कळत नाही. जन शिक्षकाला, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या शिक्षकाला, आधीपासून सोबत घेतले तर निम्मे दार तिथेच उघडते.

गाडीची साखळी

प्रत्येक शाळेत दोनदा जावे लागते, एकदा डब्या वाटायला आणि दुसऱ्या दिवशी गोळा करायला. वेगवेगळ्या फेऱ्या केल्या तर डिझेल दुप्पट. त्यापेक्षा साखळी लावा. गाडी सकाळी १०:३० ला शाळा उघडताच 'अ' मध्ये, ११:३० ला 'ब' मध्ये डब्या गोळा करते, सव्वाबारापर्यंत नमुने जवळच्या आरोग्य केंद्रात उतरवते आणि तिथून 'क' व 'ड' मध्ये उद्याच्या डब्या वाटायला निघते. टेक्निशियन मागे राहून मायक्रोस्कोपवर बसतात. २० शाळा गाडीच्या ११ दिवसांत होतात. शाळा चिठ्ठीनेच निवडायच्या, पण भेटीचा क्रम नकाशा बघून लावायला हरकत नाही. शनिवारी वाटलेल्या डब्या सोमवारी परत येत नाहीत. हाटाच्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा असतो. दोन्ही दिवस टाळा.

३१ नमुने हवे असतील तर ३८ डब्या वाटा. हजर मुलांची एकच यादी करून, मुलगे-मुली वेगळे न करता, ठरावीक अंतराने नावे घ्या. मुले निवडण्याचे काम शिक्षकांवर सोपवले तर ती हुशार आणि स्वच्छ मुले पुढे करतात. त्यात त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण नमुना बिघडतो. मुलाचा क्रमांक डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही, कारण झाकणे अदलाबदल होतात. मुलांना डबी आणि लाकडी चमचा हातात देऊन दाखवा: कागदावर किंवा पानावर शी करायची, अंगठ्याच्या पेराएवढी घ्यायची, लघवी आणि माती लागू द्यायची नाही. मातीत स्वतंत्र जगणारे सूक्ष्म कृमी असतात आणि ते तपासणीत गोंधळ घालतात.

एक गोष्ट गोळा करताना डोळ्यांनी बघा. दोन-तीन डब्यांत रंग आणि घट्टपणा हुबेहूब सारखा असेल तर एकाने मित्रांच्याही डब्या भरल्या आहेत. रागावू नका, नवीन डब्या द्या.

स्लाइड

पद्धत काटो-कॅट्झची, म्हणजे ठरावीक मापाची विष्ठा स्लाइडवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघण्याची. स्वस्त आहे, विजेशिवायही चालते आणि अंडी मोजता येतात. विष्ठा मापायचा साचा म्हणजे भोक असलेली पट्टी. साचा १.५ मिलिमीटर जाड आणि भोक ६ मिलिमीटरचे असेल तर त्यात ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा मावते, म्हणून अंड्यांच्या संख्येला २४ ने गुणायचे. बाजारात ५० मिलिग्रॅमचा आणि २० मिलिग्रॅमचा साचाही मिळतो, त्यांचे गुणक अनुक्रमे २० आणि ५०. दोन प्रकारचे साचे एकाच पेटीत मिसळले तर सगळी मोजणी वाया जाते. म्हणून एकाच प्रकारचे साचे घ्या आणि गुणक पेटीवर लिहून ठेवा.

द्रावण: १०० मिलिलिटर ग्लिसरीन, १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, १ मिलिलिटर ३ टक्के मॅलाकाइट ग्रीन. सेलोफेनच्या २५ × ३० मिलिमीटरच्या पट्ट्या त्यात किमान २४ तास भिजवा. सेलोफेन पाणी शोषणारे हवे. भेटवस्तूंना गुंडाळतात तो चकचकीत कागद भिजत नाही, त्याखाली बुडबुडे धरतात. विकत घेण्याआधी तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. विष्ठा गाळायची जाळी वापरून फेकायची नसते, धुऊन पुन्हा चालते, ही खरी बचत.

कागदावर थोडी विष्ठा घेऊन तिच्यावर जाळी दाबा, वर आलेला भाग चपट्या काडीने खरवडून स्लाइडवर ठेवलेल्या साच्याच्या भोकात भरा. कडेपर्यंत भरा आणि वरून सपाट करा. साचा सरळ वर उचला, भिजलेली पट्टी वर ठेवा, स्लाइड उलटी करून गुळगुळीत फरशीवर दाबा. थर एकसारखा पसरला आणि त्यातून वर्तमानपत्राची अक्षरे वाचता आली तर स्लाइड जमली. उचलताना सरळ वर ओढाल तर पट्टी सुटते, बाजूला सरकवून उचला. पातळ जुलाबाचा नमुना या पद्धतीत बसत नाही. तसे नोंदवा, शून्य लिहू नका.

अंकुशकृमीच्या अंड्याचे कवच पातळ असते. ग्लिसरीन त्याला इतके पारदर्शक करते की तासाभरात ते दिसेनासे होते. स्लाइड तयार झाल्यापासून ३० ते ६० मिनिटांतच ती वाचायची, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. सगळ्या स्लाइड एकदम बनवून जेवायला जाणे आणि मग "या जिल्ह्यात अंकुशकृमी नाहीच" असा अहवाल देणे, ही या कामातली सर्वांत घातक चूक. एका स्लाइडला ५–६ मिनिटे लागतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या खिडकीत एक टेक्निशियन पाच स्लाइड वाचतो. तिघे असतील तर दर अर्ध्या तासाला पंधराच स्लाइड बनवा. दोन शाळांच्या मिळून ६८ स्लाइड, दहा टक्के दुहेरी (फेरतपासणीसाठी) धरून, अशा पाच घाण्यांत संपतात. वहीत 'बनवली' आणि 'वाचली' अशा दोन वेळा लिहा. या दोन रकान्यांवरूनच पुढे कोणत्या नोंदींवर विश्वास ठेवायचा ते ठरते. नमुने उन्हात राहिले तर अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात, म्हणून गाडीत बर्फाची पेटी हवी. त्यातले नमुने त्याच दिवशी संपवा.

१० च्या ऑब्जेक्टिव्हने सगळी स्लाइड आडवी-उभी फिरा, शंका आली तर ४० ने बघा. गोलकृमीचे अंडे जाड, खडबडीत कवचाचे. निषेचित न झालेले लांबट असते आणि नवख्या डोळ्यांतून सुटते. चाबूककृमीचे अंडे पिंपासारखे, दोन्ही टोकांना बूच. अंकुशकृमीचे लंबगोल, पातळ कवच आणि आत रिकामी जागा. सुतासारख्या बारीक जंतांची अंडी विष्ठेत सहसा सापडत नाहीत, त्यांच्याबद्दल या पाहणीतून काहीच म्हणता येत नाही.

एका मुलाच्या दोन स्लाइड कराव्यात का? एकाच विष्ठेची दुसरी स्लाइड थोडीच भर घालते, दुसऱ्या दिवशीची विष्ठा जास्त भर घालते, पण त्यासाठी गाडी पुन्हा लागते. भाग किती बाधित आहे एवढेच हवे असेल तर एक स्लाइड आणि जास्त शाळा हा सौदा चांगला. संसर्ग हलका असेल तेव्हा एक स्लाइड काही बाधित मुले सोडते, हे मात्र निष्कर्षात लिहा. पाच-दहा मुलांची विष्ठा एकत्र मिसळून एकच स्लाइड करण्याचीही पद्धत आहे. सरासरी अंडी कळतात, स्लाइड वाचतात, पण कोणते मूल जड बाधित आहे ते हरवते. मूल्यमापनासाठी आम्ही ती सुचवणार नाही.

फेरतपासणीत कंजूषी नको. दहा टक्के स्लाइड वरिष्ठाने पहिला आकडा न बघता वाचाव्यात, तेही त्याच तासात. संध्याकाळी वाचल्या तर अंकुशकृमी गेलेले असतात आणि दोष उगाच पहिल्या टेक्निशियनवर येतो. अंडी १०० पर्यंत असतील तर दोघांत १० चा फरक चालतो, त्यावर २० टक्क्यांचा. आहे-नाही यातच फरक पडला तर तिसऱ्याने वाचावे.

नोंदी आणि हिशेब

वहीत मोजलेली अंडी लिहा, गुणाकार नंतर. अंडे नाही तिथे ०, स्लाइड वाचलीच नाही तिथे रेघ. मोबाइलवर नोंदी भरायची ओडीके किंवा कोबो ही अ‍ॅप फुकट चालतात, तरी कागदाची वही सोडू नका, घाटात रेंज जाते. डबी देतानाच मुलाला खरी गोळी दाखवून विचारा, मागच्या फेरीत ही खाल्ली होतीस का. या एका प्रश्नाला वेगळा खर्च नाही आणि जंत का उरले ते त्यावरून कळू लागते. फिरत्या गाडीला आणखी काम देता येते: पन्ना, छतरपूर, दतिया यांसारख्या हत्तीपायाच्या जिल्ह्यांत पहिली-दुसरीच्या मुलांची रक्तचाचणी होते, तिथे त्याच फेरीत मोठ्या मुलांच्या डब्याही वाटता येतात. इंदूर त्या यादीत नाही.

तिन्ही जंतांची टक्केवारी बेरजेने जोडू नका. दोन प्रकारचे जंत असलेले मूल एकदाच मोजायचे. तीव्रता ठरवताना एका ग्रॅममधली अंडी बघा. गोलकृमी ५,००० पासून मध्यम, ५०,००० पासून जड. चाबूककृमी १,००० आणि १०,०००. अंकुशकृमी २,००० आणि ४,०००. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे कोणताही जंत असलेली मुले २० टक्के किंवा जास्त असतील तर वर्षातून एकदा सगळ्यांना गोळी, ५० टक्क्यांवर दोनदा. २०३० साठीचे लक्ष्य म्हणजे मध्यम-जड संसर्ग २ टक्क्यांच्या खाली आणणे. शाळेतल्या मुलांवरून गोलकृमी आणि चाबूककृमीचा अंदाज नीट येतो. अंकुशकृमी शेतात राबणाऱ्या मोठ्यांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, जास्त असू शकतो आणि त्यांच्या रक्तक्षयाशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून शाळेत तो थोडा जरी सापडला तरी गावाकडे वळून बघायला हवे.

बाधित मुलाला पुढच्या फेरीची वाट बघायला लावू नका. दोन वर्षांवरच्या मुलाला ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची एक गोळी, चावून, आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यासमोर द्यावी. निकाल शाळेत मोठ्याने वाचू नये, चिठ्ठी पालकांच्या हाती द्यावी.

उरलेली विष्ठा पिवळ्या पिशवीत घालून आरोग्य केंद्राच्या जैव-कचऱ्यासोबत जाळण्यासाठी द्या, हातमोजे आणि प्लास्टिकच्या डब्या लाल पिशवीत घाला. साचे आणि जाळ्या नुसत्या ब्लीचमध्ये बुडवून भागत नाही. गोलकृमीचे अंडे क्लोरीनला दाद देत नाही, उष्णतेला मरते. साबणाने घासा, खळखळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा, वाळवा आणि मोजून पेटीत परत ठेवा. एखादा प्लास्टिकचा साचा उकळून वाकला असेल तर तो तिथेच बाद करा, कारण त्याच्या भोकात आता ४१.७ मिलिग्रॅम मावणार नाही.